कोंकणपट्टींतील रानभाज्या व अडचणीच्या दिवसांतील अन्न

कोंकणांत भाताचें पीक आश्विनांत घरीं येतें. त्यापूर्वींचे आषाढ ते भाद्रपद हे महिने गरिबांस कठीण जातात. तेव्हां कातकरी व ठाकूर कुटुंबांस टाकळा, कुर्डू, फोडशी यांच्या पाल्याचा आधार असतो. खाडीकांठच्या खाऱ्या जमिनींत मोरस उगवते. ती अंगचीच खारट असल्यामुळें मिठाचाही खर्च वांचतो.

परंतु येथें केवळ ओळख पुरत नाहीं, कृतीही ठाऊक असावी लागते. शेवळांनीं घसा खवखवतो, म्हणून त्यांत काकडाचीं आंबट फळें घालतात. कडूकंदाच्या चकत्या राखेसह उकडून वाहत्या पाण्यांत ठेविल्यावांचून खाणें घातक होय. कृती जाणणारीं माणसें गेलीं म्हणजे तेंच अन्न विष ठरेल.

इ. स. २००६ च्या वनहक्क कायद्यानें कंदमुळें गोळा करण्याचा वननिवासियांचा हक्क मान्य केला. परंतु तो वनजमिनीपुरताच आहे. खासगी माळ व खाजणें मालकांच्या स्वाधीन. तेथें भाजी खुडणारांस मज्जाव करूं नये, ही जमीनमालकांस विनंति.

तथापि पाला म्हणजे धान्य नव्हे; त्यानें भूक मोडते, बळ येत नाहीं. यास्तव उदार व्यापारी गृहस्थांनीं तांदूळ व डाळ याच महिन्यांत पाठवावी. कापणीनंतर आलेली मदत उशिराची होय.