मालामाल माळ!

सुट्टीत पोरांना न्यायचं कुठे? मॉलमध्ये? छे, माळावर! एसी नाही, एस्कलेटर नाही, तरी शो हाउसफुल्ल.

माहीत आहे का, आपण दोन्ही वेळा गवतच जेवतो? ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ ही सगळी गवतंच. ऊसही गवत. आणि उंचाडा बांबू? तोही त्याच खानदानातला!

मोज्यात कुसळ घुसलं? वैतागू नका, प्रयोग करा. कुसळी गवताचं एक कुसळ पोराच्या तळहातावर ठेवा. पुढे टोकदार बी, मागे पीळ पडलेली लांब शेपटी. आता शेपटीवर पाण्याचा एक थेंब. बघत राहा... पीळ सुटू लागतो, कुसळ स्वतःहून वळवळतं! वाळलं की पुन्हा पीळ. असं ओलं-सुकं होत होत बी ड्रिल मशीनसारखं मातीत शिरतं. ना बॅटरी, ना चार्जर.

टिटवी घरटं विणायच्या भानगडीतच पडत नाही. जमिनीवर जरासा खळगा, की झाली अंडी घालून मोकळी. त्यांच्यावरचे ठिपके असे, की खडा कुठला नि अंडं कुठलं, ओळखून दाखवा!

आता साताऱ्याचं कास पठार. 2012 पासून वर्ल्ड हेरिटेजच्या यादीत. तिथली ‘सीतेची आसवं’ माहीत आहेत का? नाव हळवं, काम खतरनाक! फुलं जांभळी-निळी, गोंडस. पण खाली इवल्या फुग्यांचे सापळे. सूक्ष्म जीव जवळ आला, की पापणी लवायच्या आत गट्टम. पठाराच्या मातीत पोषण कमी, मग बिचारी नॉनव्हेज खाणार नाही तर काय?

पलीकडे चाळकेवाडीच्या पठारावर निळा-काळा-केशरी गळा फुगवून हिरोगिरी करणारा सरडा राहतो. 2016 मध्ये त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. शास्त्रीय नाव? ‘सरडा सुपर्बा’! अस्सल मराठी एंट्री. तिथे पवनचक्क्या आल्या, शिकारी पक्षी घटले आणि सरड्यांची गर्दी वाढली, असं संशोधकांना आढळलं. वारा एकाचा, फायदा भलत्याचाच!

आणि एवढा ऐवज असूनही सरकारी नकाशांत कितीतरी माळ ‘पडीक’ म्हणूनच रंगवलेत. पडीक म्हणे!

तर मंडळी, पाऊस ओसरला की निघा. पोरांना फुलपँट, टोपी, पाण्याची बाटली. फुलं फोटोतच घ्या. आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर अंडी जवळच आहेत. आल्या पावली मागे फिरा.