उचल ठरते, संडासाचं कुणी काढत नाही

ताईंनो, दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातून, शेजारच्या बीड-जालन्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गावातल्या १२ हजारांच्या अनुदानाच्या संडासाला पाच-सहा महिने कुलूप, आणि फडावर मात्र बाईला उघड्यावर जावं लागतं.

"त्यांना सवयच असते," असं गावात सर्रास बोलतात. मला ते मुळीच पटत नाही. सवय असती तर बायका पहाटे अंधारात उठून गेल्या नसत्या, दिवसभर पाणी टाळलं नसतं. खरी अडचण बोलण्याची आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, पण उचल ठरते मुकादम आणि नवऱ्यात. पैसे किती, गाडी कधी, एवढंच बोलणं होतं. पुरुष कुठंही आडोशाला जातो, त्याला हा प्रश्न वाटतच नाही. बाईला परक्या पुरुषापुढं संडासाचा विषय काढायची लाज, त्यात अंगावर उचलीचं कर्ज. फडावर गेल्यावर कोप्या पडतात दुसऱ्याच्या रानात. तिथं "आमच्या बांधाला बसू नका" हेही ऐकून घ्यायचं.

मग लघवी दाबून ठेवायची. त्यानं जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. पाळीचं कापड कुणाला दिसू नये म्हणून कोपीत अंधारात वाळवायचं. ऊन न लागल्यानं ते नीट कोरडं होत नाही. अंगावरून पांढरं जातं, ते खाडा पडेल म्हणून लपवायचं. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या १३ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. सगळ्याचं कारण संडास नाही, हे खरं. पण अंगावर काढलेलं दुखणं बाईला त्या ऑपरेशनपर्यंत नेतं.

म्हणून उचल घ्यायच्या आधी, श्रावण-भाद्रपदातल्या गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. एकटीनं बोलू नका, एका टोळीतल्या सगळ्या जणी मिळून मुकादमाला विचारा: कोप्या कुठं पडणार, पाणी कुठून येणार, बायकांसाठी आडोसा कोण करून देणार? चर खणून चारी बाजूंनी पत्रा किंवा शेडनेट लावलं तरी चालतं. जागा विहीर-ओढ्यापासून लांब हवी आणि दर वेळी वरून माती टाकायची. जुन्या साड्यांचा आडोसा वाऱ्यानं टिकत नाही. नवऱ्यालाही या बोलण्याला बसवा, नाहीतर तो ऐन वेळी "राहू दे" म्हणेल.

पुढच्या बैठकीला येताना कोण कोणत्या टोळीत जाणार, त्याची यादी घेऊन या.