कांगावचे तिघे आणि लखनौचा आराखडा

१९६२च्या चीन युद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं नेहरू, मेनन आणि कौल या तिघांवरच येऊन थांबतं. माझं मन मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्याच तिघांत अडकलं आहे.

जानेवारी १९४५. आराकानच्या किनाऱ्यावर कांगावपाशी जपान्यांची माघारीची वाट अडवायची होती. तिथे उतरलेल्या ५१व्या भारतीय ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी भारतीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली होत्या. त्या काळी ही केवढी अपूर्वाई! ८/१९ हैदराबादचे थिमय्या, १६/१० बलुचचे एल. पी. सेन आणि २/२ पंजाबचे आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. ‘मेलरोज’ नावाची टेकडी थोरातांच्या पलटणीने हातघाईची लढाई करून घेतली. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं.

१९५३ साली थिमय्या आणि थोरात कोरियात पुन्हा एकत्र आले. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण भारतीय फौजेकडे होती आणि तिचे प्रमुख थोरात होते. कैद्यांनी एका मेजरला कुंपणाआड डांबलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून घेऊन आले. त्याबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं.

पण माझ्या लेखी थोरातांची सगळ्यात मोठी कामगिरी कागदावरची आहे. १९५९च्या ऑगस्टमध्ये लोंगजूला चिनी गोळी चालली आणि नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाची, सरहद्द लष्कराच्या गळ्यात पडली. पूर्व विभागाचे प्रमुख थोरात तेव्हा लखनौला होते. ऑक्टोबरात त्यांनी सैन्य मुख्यालयाकडे संरक्षणाचा आराखडा धाडला. त्याचं सूत्र असं: मॅकमहोन रेषेवर हट्टाने लढू नका. तिथल्या चौक्या फक्त खबर देण्यापुरत्या ठेवा. आपली रसद जिथे पोचते, तिथे, बोमडिलासारख्या ठिकाणी, मागे पक्के पाय रोवा. शत्रूला डोंगर उतरून आत येऊ द्या, म्हणजे रसदीची ओढाताण त्याची होईल. घोडेगावाहून भीमाशंकरच्या बाजूला डोक्यावर ओझं घेऊन चढलेल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही. नेफात तर तेच ओझं कितीतरी उंच, रस्त्याविना आणि बर्फातून न्यायचं होतं. मार्च १९६०मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाच्या सरावात थोरातांनी हे सारं वरिष्ठांपुढे मांडलं. संरक्षणमंत्री मेनन यांनी ते बाजूला सारलं. चीनकडून असा धोका आहे, हेच त्यांना पटत नव्हतं.

मे १९६१. सरसेनापती थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत ही त्यांची शिफारस होती, पण नेमणूक थापर यांची झाली आणि थोरातही निवृत्त झाले. लखनौच्या त्यांच्या खुर्चीवर कोण आलं? कांगावचेच सेन!

इथे मला राहवत नाही. १९४७च्या नोव्हेंबरात शालटेंगला टोळीवाल्यांना उधळून श्रीनगर वाचवणारे हेच सेन. त्यांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. तरीही सप्टेंबर १९६२मध्ये नेफाच्या सरहद्दीवरच्या थागलाच्या उतारावरून चिन्यांना हुसकून लावण्याचा दिल्लीचा हुकूम त्यांनी खाली रेटला. कोअर कमांडर उमरावसिंग ‘रसद नाही, तोफा नाहीत’ म्हणून विरोध करत राहिले, तर नेफाची जबाबदारी त्यांच्याकडून काढून जनरल कौल यांच्याकडे गेली. ब्रिगेडियर दळवींची सातवी ब्रिगेड नामकाचू नदीच्या काठी, विमानातून टाकलेल्या तुटपुंज्या सामानावर, अपुऱ्या कपड्यांत उभी राहिली. २० ऑक्टोबरच्या सकाळी ती मोडली. सेनांनी तेव्हा उमरावसिंगांच्या पाठीशी ठामपणे उभं राहायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोरातांचा आराखडा मान्य झाला असता तर युद्ध जिंकलं असतं, असा दावा मी करणार नाही. त्यालाही जादा फौज आणि रस्ते लागणारच होते. पण नामकाचूच्या घळीत ती ब्रिगेड गेली नसती.

चिनी हल्ल्यानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. हा आराखडा आपल्यापर्यंत आलाच नाही, असं पंतप्रधान म्हणाल्याचं थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. पुढे राष्ट्रीय संरक्षण मंडळावर त्यांना घेण्यात आलं. थिमय्याही त्याच मंडळावर होते.