पेण-रोह्याचे बेने इस्रायली : एका किनारी समाजाचे इतिहासलेखन

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, दिवेकर, नवगावकर. बेने इस्रायली समाजाने कोकणातील शंभराहून अधिक गावांची नावे आडनावे म्हणून धारण केली. जुने लेखी दप्तर नसलेल्या या समाजाच्या वसाहतींचा नकाशा बव्हंशी या आडनावांवरूनच मांडता येतो. प्रस्तुत लेखात या समाजाने स्वतःचा इतिहास कसा जमविला आणि तो पुढे कोणत्या प्रसंगी कसोटीस लागला, याचे विवेचन केले आहे.

परंपरा सर्वश्रुत आहे. अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना तेथेच दोन ढिगाऱ्यांखाली पुरण्यात आले, असे सांगितले जाते. वाचलेल्यांचे वंशज तेलघाण्याचा व्यवसाय करू लागले व शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. या घटनेचा समकालीन लेख वा शिलालेख उपलब्ध नाही. समाजास धर्माचरण शिकविणारा व झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतून काझी नेमणारा डेव्हिड रहाबी नेमका कोणत्या शतकातला, याविषयीही अभ्यासकांत शेकडो वर्षांचा मतभेद आहे.

ही मौखिक सामग्री प्रथम पद्धतशीरपणे एकत्र केली ती समाजातीलच हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी. मुंबईतील इस्रायली शाळेच्या (१८७५) स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. त्यांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ मध्ये पूर्ण केला; मात्र तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला १९३७ मध्ये, तोही तेल अवीव येथे. किहीमकरांनी परंपरेस अनेक ठिकाणी प्रमाण मानले आहे, ही त्या ग्रंथाची मर्यादा होय. तथापि गावे, घराणी, चालीरीती व व्यवसाय यांची त्यांनी केलेली नोंद टाळून पुढील कोणासही या विषयावर लिहिता आलेले नाही.

दुसरा प्रवाह मराठीचा. १८८० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कीर्तनोत्तेजक मंडळाने बायबलमधील आख्याने हरिदासी पद्धतीने सादर करण्यास आरंभ केला. त्यातील प्रमुख रचनाकार बेंजामिन शिमशोन यांचे आडनाव अष्टमकर होते, आणि अष्टमी म्हणजे कुंडलिकेच्या पैलतीरावरचे रोह्याचे जोडगाव. अब्राहामाची कथा साकी-दिंडीत बांधणारा हा समाज भाषेने पूर्णतः मराठी झालेला होता, याहून निराळा पुरावा शोधण्याचे कारण नाही.

या इतिहासाची खरी कसोटी लागली ती कोकणापासून दूर. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे टप्प्याटप्प्याने इस्रायलमध्ये स्थलांतरित झाली. फेब्रुवारी १९६२ मध्ये तेथील प्रमुख धर्मपीठाने असे निर्देश काढले की, बेने इस्रायली वधूवरांचा विवाह नोंदविण्यापूर्वी त्यांच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. पिढ्यानपिढ्या शनिवार पाळून व सुंता करून टिकविलेली ओळख आता कागदाने सिद्ध करावयाची होती. आणि कागद तर कोकणातील खेड्यांत कधी निर्माणच झाला नव्हता! समाजाने आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले व त्यानंतर निर्देशातून समाजाचे नाव वगळण्यात आले. निर्णय राजकीय मार्गाने झाला, ऐतिहासिक पुराव्याने नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियाई ज्यू व भारतीय असे दोन्ही वंशधागे आढळले; त्यांचा संकर साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वीचा असावा, असे अनुमान त्यात आहे. त्यामुळे परंपरेचा गाभा निराधार नाही असे म्हणता येते; गलबताची तिथी मात्र त्यातून मिळत नाही.

स्थानिक साधने अद्याप पुरती हाताळली गेलेली नाहीत. पेण येथील सिनेगॉग १८६३ चे, तर अष्टमीचे १८८२ चे आहे. कोकणातील दफनभूमींत हिब्रू व मराठी अशा दोन्ही लिपींतील लेख असलेले दगड आहेत. मृताचे नाव, आडनाव आणि मृत्यूची तिथी यांवरून एखाद्या घराण्याचे गाव व पिढ्या जुळविता येतात. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत व दर पावसाळ्यात ही अक्षरे झिजत आहेत. त्यांचे ठसे घेणे व वाचन करणे हे काम मोडी आणि हिब्रू जाणणाऱ्या दोन अभ्यासकांनी मिळून करण्याजोगे आहे, कारण याच घराण्यांचे घाणे व जमिनी यांचे उल्लेख मराठी दप्तरांतील मोडी कागदांतही शोधावे लागतील.