भिंगाखालचा सूर्य

मेच्या चौथ्या आठवड्यात बाळापुरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. अशा वेळी गच्चीवर वाचनाचं भिंग नुसतं आडवं धरलं तरी पुरतं. ते हळूहळू वर उचललं की कागदावरचा उजेड आक्रसत जातो, टाचणीच्या माथ्याएवढा होतो. मग काळा ठिपका, धुराची बारीक रेघ. त्याहून लहान मात्र तो काही केल्या होत नाही. किरण एका बिंदूत गोळा होतात असं शाळेत शिकलो होतो ना?

तो बिंदू नव्हेच, ते सूर्याचं चित्र आहे. आकाशातला सूर्य अर्ध्या अंशाची थाळी आहे आणि भिंग ती थाळीच कागदावर उतरवतं. तिचा व्यास नाभीय अंतराच्या, म्हणजे भिंगापासून या ठिपक्यापर्यंतच्या अंतराच्या, सुमारे 107व्या भागाइतका. 10 सेंटीमीटरवर जेमतेम 1 मिलिमीटर! भिंग 5 सेंटीमीटर रुंद असेल, तर एवढ्याशा जागेत ऊन अडीच हजार पटींच्या आसपास दाटतं. खंडग्रास ग्रहणात हाच ठिपका कोरीसारखा दिसतो. भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये. डोळ्याचा पडदा जळतो.

पण भिंग हे किरण एकत्र आणतं कसं? काचेत प्रकाश सेकंदाला तीन लाखांऐवजी सुमारे दोन लाख किलोमीटर चालतो. मधल्या किरणाला वाट जवळची पण काच जाड, कडेच्या किरणाला वाट लांबची पण काच पातळ. दोघे नाभीशी, म्हणजे किरण जमतात त्या जागी, एकाच क्षणी पोचतात. भिंगाची सारी वक्रता याचसाठी, आणि मला यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं. आरशाला काचेची मदत नाही, तिथे वाटाच सारख्या लांबीच्या लागतात. ते अन्वस्त, म्हणजे पॅराबोला आकारातच जमतं.

नाभीच्या या जागेला केप्लरने 1604 मध्ये 'फोकस' म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल. शिर्डीत साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर 2009 मध्ये 73 शेफलर तबकड्या बसवल्या, तिथे नाभीतल्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर अन्न शिजतं. शेफलर तबकडी म्हणजे मोठ्या अन्वस्ताचा कडेचा तुकडा. सूर्यामागे ती फिरते, नाभी जागची हलत नाही. तिच्या फिरण्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो. बाळापुरात अशी तबकडी बसवायची तर तो क्षितिजापासून सुमारे 20.7 अंश उचलावा लागेल. रात्री गच्चीवरून उत्तरेला पाहिलं, तर ध्रुवतारा साधारण तेवढ्याच उंचीवर दिसतो.