दाबोळीचे सातशे मीटर

नकाशावर पुण्याच्या लोहगावपासून गोव्याच्या दाबोळीपर्यंत पट्टी ठेवून एक रेघ ओढा. सह्याद्रीच्या कडेकडेने ती अणुस्कुरा घाटाच्या थोडी पूर्वेकडून येते, गगनबावड्याला जवळजवळ चाटून जाते आणि सावंतवाडीवरून गोव्यात उतरते. राजापूरच्या जवाहर चौकापासून ती सरळ अंतराने सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे. रेघेची एकूण लांबी साडेतीनशे किलोमीटर. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी, गोवामुक्तीच्या कारवाईत, लोहगावहून उडालेल्या भारतीय हवाई दलाच्या बारा कॅनबेरा बाँबफेकी विमानांना हे अंतर कापायला अर्धा तास पुरेसा होता. ज्या गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीचा साडेचारशे वर्षांचा प्रश्न सुटायचा होता, तो गोवा विमानातून इतका जवळ होता!

या बारा विमानांचे नेते होते विंग कमांडर एन. बी. मेनन. त्यांनी काही मिनिटांत दाबोळीच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस टन बाँब टाकले. मागोमाग विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आणखी आठ कॅनबेरा आली. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून सहा हंटर विमानांनी झेप घेऊन बांबोळीचं बिनतारी केंद्र रॉकेटं आणि तोफांनी निकामी केलं. गोव्यात पोर्तुगीजांचं एकही लढाऊ विमान नव्हतं, त्यामुळे आकाशात झुंज झाली नाही. मग यात धाडस कुठे होतं? मला ते वैमानिकांना मिळालेल्या हुकमात दिसतं: धावपट्टी फोडा, पण विमानतळाची इमारत आणि बाकीच्या सोयींना धक्का लावू नका.

हा हुकूम पाळणं किती अवघड, ते एका साध्या हिशेबावरून कळतं. समजा, विमान तीन हजार मीटर उंचीवरून ताशी ७२० किलोमीटर वेगाने चाललं आहे. सुटलेला बाँब सरळ खाली पडत नाही. विमानाचा वेग त्याच्या अंगात असतोच, आणि जमीन गाठायला त्याला सुमारे पंचवीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेचा विरोध सोडला तर तो पाच किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे ज्या जागी तो पडायला हवा, तिच्या पाच किलोमीटर अलीकडे त्याला सोडायचं. एक सेकंद घाई झाली की नेम दोनशे मीटरने चुकणार. धावपट्टीची रुंदी पन्नास मीटरही नसते, आणि इमारत तिथून हाकेच्या अंतरावर. उपग्रह नाही, संगणकाने वळणारा बाँब नाही, भरवसा फक्त दुर्बिणीसारख्या नेमयंत्राचा आणि बोटाचा. तरीही इमारत शाबूत राहिली. गोवा आपलाच होणार आहे आणि उद्या हाच विमानतळ आपल्याला लागणार आहे, हे त्या वैमानिकांच्या हातांनी ओळखलं होतं.

हल्ला संपला तेव्हा दाबोळीच्या फरसबंद आवारात दोन प्रवासी विमानं तशीच उभी होती. एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचं चार इंजिनांचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन आणि दुसरं गोव्यातल्या पोर्तुगीज हवाई सेवेचं डग्लस डीसी-४. समोरची धावपट्टी खड्ड्यांनी भरलेली. कुणीही म्हणालं असतं की ही विमानं आता इथेच राहणार.

त्या रात्री ती दोन्ही उडून गेली.

राजापूर-रत्नागिरीच्या माणसाला इथली जमीन ओळखीची वाटेल. दाबोळी आपल्या बारसूसारखीच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर आहे. कोकणात विमानाला सपाट, लांब आणि टणक जागा हवी असेल तर ती सड्यावरच सापडते. रत्नागिरीचा विमानतळ, चिपीचा, मोपाचा, सगळे असेच जांभ्याच्या माथ्यावर बसलेले. अशा जमिनीवर बाँब आदळताच फुटला तर वर पसरट खड्डा पडतो. तो खोल घुसून मग फुटला तर आतून जमीन फुगवून मोठा चर करतो. पण कसाही असला तरी खड्डा भरता येतो. पोर्तुगीजांनी रात्रीच्या काळोखात घाईघाईने धावपट्टीचा काही भाग बुजवला आणि त्यांच्या हाती सुमारे सातशे मीटर आले. एवढ्या मोठ्या विमानासाठी सातशे मीटर म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

आणि इथे मला या गोष्टीतलं सगळ्यात सुंदर गणित भेटतं. विमान हलकं केलं तर दोन फायदे एकदम होतात. हलकं विमान कमी वेगावरच जमीन सोडतं, आणि तेवढ्याच इंजिनांच्या जोरावर तो वेग लवकर गाठतं. दोन्ही फायद्यांचा गुणाकार होतो, म्हणून वजन दहा टक्क्यांनी घटवलं की लागणारी धाव सुमारे वीस टक्क्यांनी घटते. कॉन्स्टेलेशनचे वैमानिक कॅप्टन मान्युएल कोरैया रेइस यांनी नेमकं हेच केलं. जादा खुर्च्या आणि नको असलेलं सामान बाहेर फेकून दिलं, अधिकाऱ्यांची कुटुंबं आत घेतली आणि अंधारात इंजिनं पूर्ण जोराने सोडली. चाकांनी उडवलेल्या दगडगोट्यांनी विमानाच्या अंगाला पंचवीस भोकं पाडली, एक टायर फुटला, पण सातशे मीटर संपायच्या आत कॉन्स्टेलेशन हवेत होतं. त्यामागून मेजर सोलानो द आल्मेदा यांनी डीसी-४ काढलं.

पुढे कराची, सुमारे साडेबाराशे किलोमीटर. समुद्रावरून अगदी खालून. रडारच्या लहरी जवळपास सरळ जातात आणि पृथ्वी मात्र वळते, म्हणून खालचं विमान क्षितिजाआड लपतं. तीस मीटर उंच खांबावरच्या रडारला सहा हजार मीटरवरचं विमान तीनशेहून जास्त किलोमीटरवरून दिसू शकतं. तेच विमान शंभर मीटरवर उतरलं तर पासष्ट किलोमीटरच्या आत येईपर्यंत दिसत नाही. अंधाऱ्या रात्री, एकाचा टायर फुटलेला असताना, पाण्याच्या इतक्या जवळून उडत दोन्ही विमानं सुखरूप पोहोचली. पोर्तुगीज राजवट जायलाच हवी होती, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्या रात्रीच्या वैमानिकांना दाद द्यायला आपला देश आड येऊ नये. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

फोडलेली धावपट्टी बुजवता येते, हे दाबोळीत जे दिसलं ते दहा वर्षांनी आपल्या बाजूनेही दिसलं. डिसेंबर १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी फोडली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपले मराठी अधिकारी. शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे तीनशे बायका कामाला आल्या. भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, तो थांबला की पुन्हा घमेलं उचलायचं. वरून दिसू नये म्हणून धावपट्टीवर शेण सारवायचं. ७२ तासांत धावपट्टी पुन्हा उडण्याजोगी झाली. त्याच युद्धात ढाक्याला उलटी गोष्ट घडली. विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांच्या मिग-२१ विमानांनी तिथल्या तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उंचावरून सूर मारून पाचशे किलोचे बाँब टाकले, आणि मग हल्ले थांबूच दिले नाहीत. खड्डे भरायला उसंतच न मिळाल्याने तिथली पाकिस्तानी सेबर विमानं शेवटपर्यंत जमिनीवरच राहिली. धावपट्टी बंद पाडायची तर बाँबच्या ताकदीपेक्षा दोन हल्ल्यांमधला वेळ महत्त्वाचा, हे १९६१ च्या त्या एका मोकळ्या रात्रीने आधीच दाखवून दिलं होतं.

कॅनबेरा विमानं १९५७ मध्ये हवाई दलात आली आणि ११ मे २००७ ला निवृत्त झाली, पूर्ण पन्नास वर्षांनी. १९६१ मध्ये ती उडवणाऱ्या पिढीतले फार थोडे आता आपल्यात असतील. पण ती विमानं डोक्यावरून जाताना पाहिलेली, सांबऱ्याचा किंवा लोहगावचा तो डिसेंबर अनुभवलेली, दाबोळीचे खड्डे बुजवताना पाहिलेली माणसं घाटावर, तळकोकणात आणि गोव्यात अजून आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, तारीख-वार आणि गावाच्या नावांसकट त्यांच्या आठवणी लिहून घ्या.