पायरसीचा कायदा आणि दुहेरी मापदंड

पायरसीच्या संकेतस्थळावर चित्रपट नुसता पाहिला तरी तुरुंगवास होतो, हा भारतात खोलवर रुजलेला गैरसमज आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये, न्यायालयीन आदेशाने बंद झालेली संकेतस्थळे उघडू पाहणाऱ्यांच्या पडद्यावर जी सूचना झळकू लागली, तिच्यात तेथील मजकूर पाहणे, डाउनलोड करणे किंवा त्याच्या प्रती काढणे यासाठी तीन वर्षे कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे म्हटले होते. प्रत्यक्षात कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ मध्ये दंडाची कमाल मर्यादा दोन लाख रुपये आहे. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस स्पष्ट केले, की गुन्हा पाहण्यात नसून परवानगीवाचून केलेल्या बाधक वितरणात, जाहीर प्रदर्शनात, विक्रीत किंवा भाड्याने देण्यात आहे. सामान्य माणसाला चुकीच्या कायद्याची भीती घालणे हाही अन्यायच होय.

संकेतस्थळ बंद केल्याने केवळ दोषीच भरडला जातो, ही समजूतही तपासून पाहावी लागते. प्रतिवादी कोण हे ठाऊक नसताना ‘अशोक कुमार’ अशा काल्पनिक नावाविरुद्ध मिळवलेल्या मनाई हुकमात दुसरी बाजू ऐकली जात नाही, आणि त्यामुळे कायदेशीर मजकूरही बंद पडण्याचा धोका राहतो. याच कारणास्तव न्यायमूर्ती पटेल यांनी जुलै २०१६ मध्ये सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास नकार देऊन, पडताळणी केलेल्या विशिष्ट दुव्यांपुरताच आदेश दिला. मोठी चित्रपट कंपनी प्रदर्शनापूर्वीच असा हुकूम मिळवू शकते. ज्याच्या पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्रामवर खुशाल फिरतात, त्या लहान मराठी प्रकाशकाला मात्र वकिलाचा खर्चही पेलत नाही.

कायदा एकच असल्याने भारही सर्वांवर सारखाच पडतो, हा तिसरा आणि सर्वांत घातक गैरसमज. अमेरिकेत हक्कधारकाला प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही प्रत्येक कलाकृतीमागे ७५० ते १,५०,००० डॉलर, म्हणजे ‘वैधानिक भरपाई’, मागता येते. मिनेसोटातील एका महिलेने २४ गाणी इंटरनेटवर इतरांना उपलब्ध करून दिली, तेव्हा तीन ज्यूरींनी तिच्यावर अनुक्रमे २,२२,०००, १९,२०,००० आणि १५,००,००० डॉलरची भरपाई लादली. २०१२ साली अपील न्यायालयाने पहिली रक्कम कायम केली, म्हणजे दर गाण्यामागे ९,२५० डॉलर. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी पायरसीच्या ग्रंथसंग्रहांतून लाखो पुस्तके उतरवून घेतली. त्यांपैकी अँथ्रोपिकच्या खटल्यात न्यायालयाने जून २०२५ मध्ये पुस्तकांवर प्रणालीला प्रशिक्षण देणे हा ‘योग्य वापर’, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला मान्य असलेला वापर, ठरवला, परंतु चोरीच्या प्रतींचा संग्रह बाळगण्यास ते संरक्षण नाकारले. त्यानंतर कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड केली, जी दर पुस्तकामागे सुमारे ३,००० डॉलर भरते. ही रक्कम मोठी आहे आणि ती परस्परसंमतीने ठरली आहे, हे मान्य करूनही, नफ्यासाठी लाखो प्रती घेणाऱ्या कंपनीच्या तिप्पट दराने एका व्यक्तीकडून भरपाई मागणारी व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही.